जुना संगणक आणि नवा वीजपुरवठा

घरगुती संगणकाचे युग साधारणपणे १९७७ सालापासून मोजतात. त्या वर्षी अमेरिकेत ॲपल २, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन यंत्रे बाजारात आली. तोवर विद्यापीठांच्या आणि मोठ्या कचेऱ्यांच्या वातानुकूलित खोल्यांत राहणारा संगणक त्यांच्यामुळे सामान्य कुटुंबाच्या मेजावर येऊन बसला. पुढील दहा वर्षांत ब्रिटनमध्ये सिंक्लेअर, एकॉर्न व ॲमस्ट्रॅड आणि अमेरिकेत कमोडोर व अटारी या कंपन्यांनी अशी लक्षावधी यंत्रे विकली. भारतातही त्यांचा थोडाफार प्रवेश झाला. शाळांतील संगणक-साक्षरतेसाठी १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक वापरण्यात आला, तर १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम परवान्याखाली येथे विक्रीस आणला.

आज ही यंत्रे चाळिशी ओलांडून गेली आहेत. तरीही त्यांतील बरीचशी अद्याप चालू स्थितीत आहेत, किंवा थोड्या दुरुस्तीने चालू होऊ शकतात. माळ्यावरच्या पेटीतून असा संगणक बाहेर काढला, की त्याचा धनी स्वाभाविकपणे पहिली गोष्ट करतो ती ही, की सोबतचा जुना वीजपुरवठा भिंतीवरील खटक्याला जोडून बटण दाबतो. नेमकी हीच कृती त्या यंत्राच्या आयुष्यातील शेवटची ठरण्याचा संभव असतो. असे का व्हावे आणि ते टाळण्यासाठी आजच्या अल्पदाबाच्या वीजपुरवठ्यांचा उपयोग कसा करता येतो, हे येथे पाहावयाचे आहे.

एका पेटीतील तीन कामे

घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते. भारतात तिचा दाब २३० व्होल्ट असतो आणि तिची दिशा सेकंदाला पन्नास आवर्तने या गतीने बदलत राहते. संगणकातील संकलित मंडलांना, म्हणजेच बोलीभाषेतील ‘चिप्स’ना, मात्र थोड्या व्होल्टांचा, एकाच दिशेने वाहणारा आणि अत्यंत स्थिर असा प्रवाह हवा असतो. हे अंतर कापण्याचे काम वीजपुरवठ्याची पेटी करते.

जुन्या पद्धतीच्या पेटीत हे काम तीन टप्प्यांत होई. पहिल्या टप्प्यात रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दाब नऊ-दहा व्होल्टांपर्यंत उतरवी. दुसऱ्या टप्प्यात डायोडांचा संच प्रत्यावर्ती प्रवाहाला एकदिश करी आणि एक मोठे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, त्यातील चढउतार भरून काढी. तिसऱ्या टप्प्यात दाब-नियामक हा घटक नको असलेला दाब स्वतःवर झेलून पुढे नेमका पाच व्होल्ट दाब सोडी. ७८०५ या क्रमांकाने ओळखला जाणारा तीन पायांचा नियामक त्या काळात घरोघरच्या यंत्रांत होता.

या नियामकाची रीत समजण्यास सोपी आहे. शेताला जितके पाणी हवे त्याहून अधिक पाटात आले, तर उरलेले बांधावरून वाहून जाऊ द्यावे, तसा हा प्रकार आहे. वाहून जाणारी वीज येथे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. नऊ व्होल्ट आत येऊन पाच बाहेर जात असतील आणि प्रवाह एक अँपिअर असेल, तर चार व्होल्टांचा फरक गुणिले एक अँपिअर म्हणजे चार वॉट उष्णता केवळ नियामकात निर्माण होते. येणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम ५६ टक्के संगणकाच्या उपयोगी पडते. जुन्या यंत्रांच्या कवचाचा एक कोपरा नेहमी गरम का लागतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पाच आणि सात यांमधील अंतर

पाच व्होल्ट ही संख्या यदृच्छेने आलेली नाही. १९६० नंतरच्या दशकात ‘टीटीएल’ नावाची तर्कमंडलांची जी पिढी रूढ झाली, तिच्यासाठी हा दाब ठरविण्यात आला. बहुतेक घटकांना त्यात वरखाली पाच टक्के फरक चालतो. म्हणजे दाब ४.७५ ते ५.२५ व्होल्ट या मर्यादेत असावयास हवा. या घटकांच्या माहितीपत्रकात आणखी एक आकडा दिलेला असतो, तो म्हणजे सहन होऊ शकणाऱ्या दाबाची अखेरची सीमा. ती सामान्यतः सात व्होल्ट असते. त्या काळातील स्मृति-चिप्सनाही हीच सीमा लागू होती. याचा अर्थ, योग्य दाब आणि विनाशकारी दाब यांत केवळ दोन व्होल्टांचे अंतर आहे.

हे अंतर किती घातक ठरू शकते, ते कमोडोर ६४ या यंत्राच्या उदाहरणावरून दिसते. १९८२ साली आलेला हा संगणक त्याच्या काळातील सर्वाधिक खपलेल्या संगणकांपैकी एक. त्याच्या वीजपुरवठ्याची पेटी वेगळी होती आणि पुष्कळ पेट्यांत सर्व घटक एका कठीण राळेत ओतून बंद केलेले असत. राळेमुळे उष्णतेला बाहेर पडण्यास नीट वाट मिळत नसे, आणि पेटी उघडून दुरुस्त करण्याचीही सोय उरत नसे. वर्षानुवर्षे तापून आतील नियामक थकतो. तो बंद पडला तर चिंता नाही, कारण मग संगणक नुसता चालू होत नाही. परंतु नियामक अनेकदा उलट प्रकारे बिघडतो. त्याचा बंधारा फुटतो आणि मागचा पूर्ण दाब पुढे लोटला जातो. पाच व्होल्टांच्या तारेवर सात किंवा त्याहून अधिक व्होल्ट आले, की प्रथम स्मृति-चिप्स बळी पडतात आणि त्यांच्या मागोमाग इतर चिप्स जातात. अटारीच्या काही सीलबंद पेट्यांबद्दलही असाच अनुभव नोंदविला गेला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कमोडोरमधील ध्वनी निर्माण करणारी ‘सिड’ आणि चित्र निर्माण करणारी ‘व्हिक-२’ या चिप्स त्या कंपनीच्याच मालकीच्या कारखान्यात तयार होत. कंपनीचे दिवाळे १९९४ साली निघाले. मूळ स्वरूपातील त्या चिप्स आता कोणीही बनवीत नाही. एक जळाली की जगातील शिल्लक साठ्यातून एक कमी होते. वीजपुरवठा मात्र कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या घटकांतून पुन्हा उभा करता येतो. म्हणूनच जतनाच्या दृष्टीने जे बदलता येण्याजोगे आहे ते वेळीच बदलावे आणि जे पुन्हा मिळणार नाही ते राखावे, हा नियम येथे पूर्णपणे लागू पडतो.

नव्या पुरवठ्याची रीत

आजच्या भ्रमणध्वनीचा चार्जर हातात घेतला तर तो किती हलका आहे हे जाणवते. त्यात वजनदार रोहित्र नसते. त्याची रीतच निराळी आहे. भिंतीतून आलेली वीज तो प्रथम एकदिश करतो आणि मग एका ट्रँझिस्टरच्या साहाय्याने सेकंदाला हजारो वेळा तोडतो व जोडतो. आवर्तने जितकी अधिक, तितके रोहित्र लहान पुरते. म्हणून येथे सुपारीएवढे रोहित्रही काम भागविते. बाहेर जाणारा दाब सतत मोजला जातो आणि तो कमी-अधिक होताच जोडण्याचा अवधी वाढविला किंवा घटविला जातो. आधीच्या उपमेत बोलावयाचे, तर येथे पाणी बांधावरून वाहून जाऊ देत नाहीत. विहिरीतून लागेल तेवढेच मोजून काढतात. त्यामुळे ऊर्जेचा अपव्यय थोडा आणि उष्णताही थोडी.

ही पद्धत अगदी नवी नाही. १९७७ च्या ॲपल २ मध्ये रॉड होल्ट यांनी आखलेला याच जातीचा पुरवठा होता, आणि त्यामुळे ते यंत्र पंख्यावाचून चालू शकले. पण त्या काळात हे महागडे तंत्र होते. आज तेच सर्वांत स्वस्त झाले आहे. शिवाय चांगल्या पुरवठ्यात प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास किंवा दाब वाढल्यास आपोआप बंद होण्याची सोय असते, आणि तो १०० ते २४० व्होल्टांपर्यंतच्या कोणत्याही विजेवर चालतो. परदेशातून आणलेल्या यंत्रासाठी हा गुण मोलाचा आहे. अमेरिकेतील जुनी पेटी १२० व्होल्टांसाठी बांधलेली असते. ती आपल्याकडील २३० व्होल्टांना जोडली तर तिचा नाश निश्चित.

आणखी एक योगायोग या बाबतीत आपल्या कामी येतो. १९९६ साली ‘यूएसबी’ जोडणीचे मानक प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा तिच्यावरील विजेचा दाब पाच व्होल्टच ठेवण्यात आला, कारण संगणकाच्या अंतरंगात तोच दाब आधीपासून नांदत होता. त्यामुळे १९८३ सालच्या यंत्राची भूक आजच्या चार्जरने भागू शकते.

यंत्रांचे चार वर्ग

तथापि प्रत्येक जुन्या यंत्राची भूक सारखी नाही. सोयीसाठी त्यांचे चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग केवळ पाच व्होल्ट एकदिश प्रवाह घेणाऱ्या यंत्रांचा. अटारी ८०० एक्सएल आणि ॲमस्ट्रॅड सीपीसी ४६४ ही त्याची उदाहरणे होत. यांचे काम सर्वांत सोपे. पाच व्होल्ट आणि दोन-तीन अँपिअर देणारा चांगला पुरवठा व योग्य जोडणी एवढ्यावर भागते. परंतु या यंत्रांत आत दुसरा नियामक नसतो. बाहेरून जे येईल ते थेट चिप्सपर्यंत पोहोचते. म्हणून सोपेपणाबरोबर येथे जोखीमही अधिक आहे.

दुसरा वर्ग नऊ व्होल्ट एकदिश प्रवाह घेणाऱ्यांचा. सिंक्लेअरचे झेडएक्स ८१ आणि स्पेक्ट्रम हे त्यात मोडतात. यांच्या पोटातच ७८०५ नियामक आहे. मूळ पेटीवर ‘९ व्होल्ट’ असे छापलेले असले तरी तीत नियमन नसल्यामुळे भार नसताना दाब बारा व्होल्टांच्याही वर जातो. समजा स्पेक्ट्रम ०.८ अँपिअर प्रवाह घेत आहे. बारा व्होल्ट आत आल्यास नियामकात ५.६ वॉट उष्णता होईल. नेमके नऊ व्होल्ट देणाऱ्या नव्या पुरवठ्यावर ती ३.२ वॉटांवर येते. येथे मात्र एक सापळा आहे. आजच्या बहुतेक पुरवठ्यांत जोडणीच्या मध्यभागी धन टोक असते. स्पेक्ट्रममध्ये मध्यभागी ऋण टोक लागते. टोके उलटी जोडली गेल्यास यंत्राचे नुकसान क्षणात होते. झेडएक्स ८१ मध्ये निराळी गंमत आहे. त्याचे विजेचे छिद्र आणि ध्वनिफीत-यंत्राची छिद्रे एकाच मापाची व एका ओळीत आहेत, तेव्हा तार खुपसण्यापूर्वी छिद्रावरील अक्षरे वाचलेली बरी.

तिसऱ्या वर्गात कमोडोर ६४ सारखी यंत्रे येतात. त्याला पाच व्होल्ट एकदिश प्रवाह सुमारे दीड अँपिअर, आणि त्याखेरीज नऊ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह एक अँपिअर लागतो. या दुसऱ्या तारेतून आतमध्ये सिड व व्हिक-२ यांच्यासाठी बारा व्होल्ट तयार केले जातात, ध्वनिफीत-यंत्राची मोटर चालते, आणि विजेच्या आवर्तनांवरून घड्याळाचे ठोके मोजले जातात. येथे प्रत्यावर्ती प्रवाहाऐवजी नऊ व्होल्ट एकदिश प्रवाह देऊन चालत नाही. तेव्हा अशा यंत्रासाठी मिश्र पुरवठा करतात. नऊ व्होल्टांसाठी जुन्याच जातीचे साधे रोहित्र ठेवावयाचे आणि पाच व्होल्टांसाठी नव्या जातीचा तयार पुरवठा त्याच पेटीत बसवावयाचा. धोका पाच व्होल्टांच्या शाखेतच असल्यामुळे बदलण्यासारखी शाखाही तीच.

चौथ्या वर्गात, ज्यांचा वीजपुरवठा संगणकाच्या कवचातच बसविलेला आहे अशी यंत्रे येतात. १९८१ च्या डिसेंबरात विक्रीस आलेला बीबीसी मायक्रो त्यांपैकी होय. त्याच्या पुरवठ्यात मुख्य विजेच्या दोन तारांमध्ये धातुलेपित कागदाची धारित्रे असतात. काळाच्या ओघात त्यांच्या पारदर्शक आवरणाला तडे जातात व ओलावा आत शिरतो. मग एके दिवशी यंत्र चालू करताच स्फोटासारखा आवाज होऊन उग्र वासाचा धूर निघतो. संगणक सहसा बचावतो, पण घरातील माणसे घाबरतात. ही धारित्रे बदलणे किंवा आतला पुरवठा काढून त्या जागी बाहेरील अल्पदाबाच्या पुरवठ्यावर चालणारे छोटे मंडल बसविणे, असे दोन मार्ग आहेत. या यंत्राच्या मुख्य फलकाला पाच व्होल्टांचा मोठा प्रवाह आणि उणे पाच व्होल्टांचा अगदी थोडा प्रवाह लागतो. दुसऱ्या मार्गाचा लाभ असा, की २३० व्होल्टांची वीज यंत्राच्या कवचात शिरतच नाही. पण जुना पुरवठा उघडणे हे नवशिक्याचे काम नव्हे. वायर काढल्यानंतरही आतील मोठ्या धारित्रात प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो.

निवड करताना

नवा पुरवठा निवडताना चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. दाब किती, प्रवाह प्रत्यावर्ती की एकदिश, धन टोक कोणते, आणि किती अँपिअर. पहिल्या तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळल्याच पाहिजेत. चौथीच्या बाबतीत मात्र पुष्कळांचा गैरसमज असतो. दीड अँपिअरच्या यंत्राला तीन अँपिअरचा पुरवठा जोडला तर ते जळेल, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. अँपिअरचा आकडा म्हणजे पुरवठ्याची देण्याची ताकद; यंत्र आपल्या गरजेपुरतेच घेते. ताकद अधिक असल्यास हरकत नाही, कमी असल्यास मात्र पुरवठा तापतो आणि दाब घसरतो. व्होल्टांची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे अधिक म्हणजे अनर्थ.

तारेकडेही दुर्लक्ष होऊ नये. बारीक तारेचा जाता-येता मिळून रोध ०.२ ओहम असेल आणि तीतून दीड अँपिअर वाहत असेल, तर ०.३ व्होल्ट तारेतच खर्च होतात. पुरवठ्यातून पाच निघालेले व्होल्ट यंत्रापाशी ४.७ होऊन पोहोचतात, म्हणजे ४.७५ या खालच्या मर्यादेच्याही खाली. मग संगणक मधेच अडतो किंवा पडद्यावर विचित्र चिन्हे उमटतात, आणि दोष मात्र निरपराध चिप्सना दिला जातो. आखूड व जाड तार हा यावरचा उपाय.

२०१४ सालानंतर आलेल्या ‘सी’ जातीच्या यूएसबी जोडणीबद्दल दोन शब्द सांगावयास हवेत. असा चार्जर पलीकडच्या यंत्राने खूण केल्यावाचून वीज सोडत नाही. दोन लहान रोधक योग्य जागी बसवून पाच व्होल्टांची खूण करता येते. पुष्कळसे शक्तिशाली चार्जर विशिष्ट मंडलाने मागणी केल्यास ९, १५ किंवा २० व्होल्टही देतात. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट मागणारे असे मंडल उपयोगी पडते. पण पाच व्होल्टांच्या यंत्राच्या वाटेत ते चुकूनही येऊ देऊ नये, कारण चुकीची मागणी म्हणजे त्या यंत्राचा मृत्यूच.

स्वस्त, नामधारी पुरवठे टाळावेत. त्यांच्या दाबात सूक्ष्म तरंग राहतात व ते पडद्यावर आडव्या रेषांच्या रूपाने दिसतात. याहून गंभीर गोष्ट म्हणजे मुख्य वीज आणि अल्पदाबाची वीज यांना वेगळे ठेवणारे अंतर त्यांत अपुरे असू शकते. भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी-चिन्ह असलेला पुरवठा घेणे हिताचे.

जोडण्यापूर्वीची परीक्षा

नवा पुरवठा तयार झाला तरी तो लगेच संगणकाला जोडू नये. प्रथम बहुमापीने, म्हणजे मल्टिमीटरने, मोकळ्या टोकांवर दाब व धन-ऋण तपासावे. त्यानंतर पाच व्होल्टांच्या शाखेला ५ ओहमचा, १० वॉट क्षमतेचा रोधक जोडावा. त्यातून एक अँपिअर प्रवाह वाहील व पाच वॉट उष्णता होईल. रोधक तापेल, त्यास हात लावू नये. अर्धा तास या भारावर दाब ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान स्थिर राहिला, तर पुरवठा विश्वासास पात्र समजावा. जुनी मूळ पेटी या परीक्षेत उतरली तरी तिच्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण तिचा बिघाड पूर्वसूचना देऊन येत नाही. ती वापरावयाचीच असेल, तर दाब साडेपाच व्होल्टांच्या आसपास जाताच वीज तोडणारे रक्षक-मंडल मध्ये बसवावे.

एक शेवटची सूचना. नवा पुरवठा जोडण्यासाठी जुन्या पेटीची तार कापून तिचे टोक वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा. जोडणीची टोके नवी मिळतात. त्या विशिष्ट यंत्राबरोबर कारखान्यातून आलेली पेटी मात्र एकच असते. तिच्यावरील पट्टीत दाब, प्रवाह आणि निर्मितीचा देश नोंदलेला असतो, आणि पुढे अभ्यास करणाऱ्यास तो पुरावा ठरतो. तिच्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी डकवून ती यंत्रासोबत जपून ठेवावी.

शिलालेख किंवा हस्तलिखित जपणाऱ्यास ते केवळ सुरक्षित ठेवले तरी पुरते. संगणकाचे तसे नाही. त्याचे खरे स्वरूप चालू असतानाच दिसते. वीज गेली की उरते ते प्लॅस्टिकचे एक खोके. ज्या यंत्रावर एका पिढीने पहिली आज्ञावली टंकलिखित केली, ते पुढील पिढीला चालताना दाखवावयाचे असेल, तर त्याची सुरुवात भिंतीपासून संगणकापर्यंतच्या या दुर्लक्षित पेटीपासून आणि तिची वेळीच परीक्षा घेण्यापासून करावी लागेल.